रास अल खोरच्या गोदामात शेवटचा अंक

लिफ्टमध्ये मी सहज बोलून गेले, "आमच्या कंपनीच्या गोदामात पोलंडहून छपाईचं जुनं मशीन आलंय." दुबई मरीनातल्या आमच्या शेजारीण हाना, सत्तरी ओलांडलेल्या, झटकन माझ्याकडे वळल्या. मग विचारलं, "त्यावर लाल पट्टा आहे?"

होता. मी पट्ट्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

शनिवारी दोघी रास अल खोरच्या औद्योगिक भागाकडे निघालो. टॅक्सी साठ दिरहम, म्हणजे जवळजवळ दीड हजार रुपये! मेट्रो स्वस्त, पण पुढे टॅक्सी लागतेच. पाणी भरपूर न्या.

वाटेत हाना बोलत होत्या. "पोलंडमध्ये डाव्या विचारांचं दैनिक होतं आमचं, लाल पट्ट्याच्या मशीनवर छापलं जाणारं. पहाटे कारखान्यांच्या फाटकांवर रांगा लागायच्या. मी मुद्रितशोधक. मग कारखाने बंद पडले, वाचक म्हातारे झाले, सोळा पानांची आठ झाली. एकदा संपादकांना तोंडावर म्हटलं, 'पेपर मेलाय, तुम्ही प्रेताला कपडे चढवताय.' आणि निघून आले. दोन आठवड्यांत सगळं बंद. शेवटचा अंक मी पाहिलाच नाही. पुढच्या हिवाळ्यात संपादकही वारले."

गोदामात भरदुपारीही काळोख. मशीन सांभाळणारे सलीमभाई हळूच म्हणाले, "मॅडम, पुराना प्लेट वैसा ही लगा है. लगता है, लोग चाय पीने गए हैं." शेवटच्या अंकाची छपाईची प्लेट अजून मशीनवरच होती.

त्यांनी शाई लावली, बटण दाबलं. अख्खी शेड थरथरली. कागद बाहेर येण्याआधीच हानांनी दोन्ही हात पुढे धरले, जणू कालच इथे उभ्या होत्या.

पान करडं, डागाळलेलं. तळाशी त्यांचं बोट थांबलं. "मुद्रितशोधन : हाना." "पण मी तेव्हा नव्हतेच," त्या पुटपुटल्या.

"बंद करूँ?" सलीमभाईंनी विचारलं.

"यल्ला, खलास," चला, पुरे झालं, असं मीच म्हणाले.

बाहेरच्या कॅफेटेरियात पराठा आणि कडक चहा घेतला. दोघींचे मिळून दहा दिरहम. हानांनी माझं पेन मागितलं आणि पानावरच्या चार चुका दुरुस्त केल्या. "शेवटी संपादक स्वतःच तपासत असतील. डोळे अधू होते त्यांचे."

घरी लेकीने विचारलं, "मम्मा, वॉज इट वर्थ इट?" पाहण्यासारखं तिथे काहीच नाही. अजून मात्र त्या शेडची थरथर तळपायांत जाणवते.

संध्याकाळी हाना दारात उभ्या, हातात तेच पान. "पाचवी चूक सापडली. माझ्याच नावात एक अक्षर चुकलंय. वर्षानुवर्षं ते बरोबर छापलं जायचं. म्हणजे मी गेल्यावर नाव आधी काढून टाकलं होतं. मग संपादकांनी स्वतःच्या हाताने परत घातलं."

ती चूक त्यांनी तशीच ठेवली.