सोळाची डाय, बाराचा हिशेब

ट्रे खोक्यात सरकेना. अर्धा मिलीमीटर जास्त रुंद होता.

देवासच्या आमच्या कारखान्यात पत्रा वाकवून कंट्रोल पॅनेलची खोकी बनतात. माल संध्याकाळी धारला जायचा होता. दहा ट्रे वाकवून झाले, दहाही नापास. बाकीचा पत्रा कापून ठेवलेला, आणि स्टोअरमध्ये जादा शीट नाही. मालक सावंत थेट पत्रा कापायच्या शिअरिंग मशीनपाशी जाऊन उभे राहिले.

"जोशी, हिशेब चुकला तुमचा. प्रत्येक तुकडा अर्धा मिलीमीटर छाटा."

मी म्हटलं, "कडेने छाटलं तर पाडलेली भोकं सरकतील, साहेब. अख्खा लॉट भंगारात जाईल. पंधरा मिनिटं द्या."

"दहा."

पत्रा वाकतो तेव्हा बाहेरची बाजू ताणते, आतली दबते. मधल्या एका रेषेची लांबी मात्र बदलत नाही. वाकलेल्या भागातली तिची लांबी म्हणजे बेंड अलाउन्स. सपाट पत्रा किती कापायचा ते त्यावरून ठरतं. आतली गोलाई बदलली की हा आकडाही बदलतो.

मी पुन्हा मांडून पाहिलं. पत्रा दोन मिलीमीटर जाड, गोलाई दोन. उत्तर तेच. मग ट्रेच्या आतल्या कोपऱ्याला गोलाई मोजायच्या पानांचा रेडियस गेज लावला. दोनचं पान बसेना, अडीचचं बरंच जुळलं.

वाकवायच्या मशीनवर पत्रा ज्या खाचेवर ठेवून दाबतात, ती डाय. खाच रुंद असली की गोलाई मोठी येते. ऑपरेटरला विचारलं, "गोपाळभिया, डाय कौनसी चढ़ी है?"

"सोला की."

"ड्रॉइंगवर बारा आहे!" सावंत ओरडले.

"सेठ, कल खंडेनवमी की पूजा में सोला वाली बैठी थी. दशहरे का काम उसी से चालू होगा, ये तो आप ही का हुकुम है."

"अरे, मुहूर्ताला एक तुकडा वाकवायचा! लॉट नाही!"

"दो एमएम में सोला भी चलती है, सेठ."

चालते, पण तिचा हिशेब वेगळा. प्रत्येक बेंडला पाव मिलीमीटर वाढ. गोपाळने बाजूंची उंची स्टॉपरने बरोबर साधली होती, म्हणून दोन्ही बेंडची वाढ मधल्या रुंदीत आली.

बाराची डाय चढवली. सावंत शिअरिंग मशीन सोडायला तयार नव्हते. गोपाळने एक तुकडा वाकवला, खोक्यात घातला, बोटाने ढकलला.

सरकला.

दहा ट्रे कमी घेऊन गाडी धारला गेली. ते दहा नवी शीट आल्यावर करून दिले. आता पूजेला कोणती डाय बसवायची, ते सावंत दुसऱ्या दिवशीचं ड्रॉइंग बघून ठरवतात.