झुंबरबाईंच्या नातीचे बूट

अंबड तालुक्यातल्या त्या गावात अंगणवाडीच्या झुंबरबाईंचा शब्द म्हणजे शब्द. कुणाच्या लेकराचं वजन भरत नाही, कोण डोस चुकवायला बघतंय, सगळं बाईंना तोंडपाठ. ग्रहणात आईनं भाजी चिरली म्हणून पाय वाकडा झाला, असं कुणी म्हटलं की बाई त्याची चांगलीच फिरकी घेत. बेबीनंदाचा मुलगा आत वळलेले पाय घेऊन जन्मला, तेव्हा त्यांनीच तिला हाताला धरून जालन्याच्या दवाखान्यात नेलं.

दोन महिन्यांनी त्यांची स्वतःची नात, अक्षता, तशीच जन्मली.

उपचार चोख झाले. पूर्वी अशा पायांची मोठी चिरफाड व्हायची. आता दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाय हळूहळू सरळ आणतात, टाचेमागची शीर बारीकशा छेदानं सैल करतात. त्यानंतर दांडीला जोडलेले बूट. तीन महिने रात्रंदिवस, आंघोळीपुरते तेवढे काढायचे. मग काही वर्षं फक्त झोपेत. प्लास्टर निघालं तेव्हा अक्षताचे सरळ पाय बघून बाईंना रडूच आलं.

सून आकांक्षा कापूस वेचायला जाई आणि नात बाईंबरोबर अंगणवाडीत. बाया जमायच्या आत बाई बूट काढून पिशवीत दडवत, घरी निघताना परत चढवत. गावाला शहाणपण शिकवणाऱ्या बाईंना त्या वीतभर दांडीची लाज वाटत होती. बाईंच्याच घरात असं निघालं, हे कुणी बोलू नये, एवढंच. तासाभरानं काय होतंय, अशी त्या मनाची समजूत घालत. तासाचे पाच तास झाले.

तिसऱ्या महिन्यात पाय पुन्हा आत वळले. डॉक्टरांनी आकांक्षाला विचारलं, "बूट घालत नव्हता ना?"

"घालत होते, सर. बराबर घालत होते."

डॉक्टरांचा विश्वास बसला नाही. त्यांनी तिला चांगलंच सुनावलं, ती रडली, आणि बाई भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिल्या.

बाहेर बाकावर बेबीनंदा बसली होती. मांडीवर मुलगा, त्याच्या दोन्ही पायांना ओलं प्लास्टर.

"याचे पाय तर सरळ झाले होते ना?" बाईंनी विचारलं.

"परत वळले, बाई. अंगणवाडीत तुमच्या अक्षताला बिनबुटाचं पाह्यलं. म्हणलं, बाईच काढून राह्यल्या, मंग न्हाई घातले तरी चालत असतीन. म्या बी काढले."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ती आपली साधं सांगत होती. आकांक्षानं सासूकडे नुसतं पाहिलं, आणि बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या उठल्या आणि रांग मोडून परत डॉक्टरांच्या खोलीत शिरल्या. आत दुसरंच कुटुंब बसलं होतं. त्यांच्यासमोरच त्या म्हणाल्या, "सर, माझ्या सुनेला उगीच बोललात. दोन्ही लेकरांचे बूट म्याच काढले."