आईची पट्टी आणि दादाचा डबा

आधीच सांगते, असल्या गोष्टी मानणाऱ्यांतली मी नाही. अंधेरीतल्या एका कंपनीत डेस्कटॉप सपोर्टला आहे, अठरा वर्षं झाली. "मॅडम, आपोआप डिलीट झालं", "मॅडम, आपोआप बंद पडलं" हे रोज ऐकते, आणि रोज त्या 'आपोआप'च्या मागे कोणाचं तरी बोट सापडतं. घरीही तेच वळण. आम्ही बौद्ध. भूतखेत, अंगात येणं, उतारे हे आमच्या आईने घरात कधी शिरू दिलं नाही. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय. पण पाच महिने झाले, डोक्यातून जात नाही... म्हणून लिहून टाकते.

भांडुप पश्चिमेला, डोंगराच्या उतारावर आमची खोली होती. होती म्हणायचं, कारण आता ती चाळ पाडली. टॉवर होणार आहे. आईने माझ्याकडे मुलुंडला यायचं ठरलं होतं. बांधाबांध झाली, भांडी गेली, पलंग आणि जुना कम्प्युटर तेवढा राहिला. आणि शेवटच्या महिन्यात आई अडून बसली.

"दादाचा डबा एकदा वाजव. मग मी येते."

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, मिलिंद. अकरा वर्षांपूर्वी काविळीत गेला. तो भीमगीतांच्या एका गायन पार्टीत की-बोर्ड वाजवायचा आणि त्याच पार्टीत आई मुख्य गायिका. जयंतीच्या महिन्यात दोघं घरात दिसायचीच नाहीत. डबा म्हणजे त्याचं साऊंड मोड्यूल. छोटासा पडदा असलेली एक काळी पेटी, की-बोर्डला जोडली की त्यातून सनई, बासरी, व्हायोलिन हवं ते निघायचं. कार्यक्रम नसला की दादा तोच डबा घरच्या जुन्या कम्प्युटरला जोडायचा. का, तर गेम खेळायला! त्या काळातले गेम असे होते, की असा डबा जोडला तर साधं पीं-पीं जाऊन खरोखरीचं संगीत वाजायचं.

आता यातली गंमत ऐका. आईची पट्टी काळी चार. डब्यात 'की-शिफ्ट' म्हणून एक सेटिंग असते, अख्खा सूर वर-खाली करणारी. शून्य म्हणजे पांढरी एक, तिथून काळ्या-पांढऱ्या मोजत आठ घरं वर गेलं की काळी चार. दादा ती आईसाठी +8 वर ठेवायचा आणि नंतर बदलायचा कंटाळा करायचा. त्यामुळे आमच्याकडे गेमसुद्धा आईच्या पट्टीत वाजायचा. सगळी वाद्यं किनरी. राक्षस यायचा तर पिपाणी वाजवत. पण त्या गेमच्या पहिल्या पडद्यावर एक संथ धून होती, ती आईला आवडायची. तांदूळ निवडता निवडता ती आकारात सोबत गायची. सूर वर जड गेला की ताणायची, मग दादा म्हणायचा, "आई, तू ताणू नको गं. पट्टी मी बघतो ना."

दादा गेला तशी आई गायची थांबली. विहारात वंदना होते तेव्हाही नुसते ओठ हलवायची. दादाचे फोटो खंडीभर आहेत, पण त्याच्या वाजवण्याचं रेकॉर्डिंग एकही नाही. तेव्हा कोणाला सुचलं? म्हणून तिला ती धून त्या खोलीत एकदा ऐकायची होती. आणि खोली महिनाअखेरीस पडणार होती.

मी म्हटलं, करू की, आपलं तर कामच ते. अशी वाट लागली माझी, विचारू नका. आठवडाभर लोकांचे प्रिंटर, आणि रविवारी उठून भांडुपला जायचं. पहिल्या रविवारी कम्प्युटरच चालू होईना, त्याचा पॉवर सप्लाय बदलला. दुसऱ्या रविवारी गेम सुरू झाला. दार उघडल्याचा आवाज येतोय, तलवारीचा येतोय, संगीत नाही. डबा उघडला, तर आतला बॅटरीचा सेल फुटून पांढरी बुरशी धरलेली. सेल काढला, पुसून घेतलं. सेल नसला तरी डबा चालतो, फक्त काही लक्षात ठेवत नाही. दर वेळी चालू केला की कोरा, की-शिफ्ट शून्य. हे नीट वाचून ठेवा, पुढे लागेल.

तिसऱ्या रविवारी गेमच्या सेटिंगमधले सगळे पर्याय एकेक करून पाहिले. साऊंड कार्ड काढून पुन्हा बसवलं. काही नाही. चौथ्या रविवारी मी वायर फेकली आणि आईवर ओरडले. "आई, बस झालं गं आता! मोबाईलवर मिळते ती धून, तिथे ऐक!"

 आई पलंगावर बसून गुडघ्याला तेल चोळत राहिली. मला फार लाज वाटली, पण सॉरी म्हणायचंही त्राण नव्हतं.

पाचवा रविवार शेवटचा. सोमवारी सामान उचलायला टेम्पो येणार होता. सकाळी अकराच्या सुमाराला मी किसनमामांना फोन लावला. हे दादाच्या पार्टीतले ढोलकीवाले, आता देवनारला मुलीकडे असतात.

"जय भीम मामा. दादाचा डबा वाजत नाहीये हो. वायर बरोबर लावलीय, दादाच्या टेपचे रंग बघून, लालला लाल, निळ्याला निळी..."

"काय म्हणालीस?" मामा हसायलाच लागले. "अगं सुजाता, लालला लाल कोण लावतं? आपल्या पार्टीत लाल टेप म्हणजे सूर बाहेर निघतो ती बाजू. निळी म्हणजे आत घेणारी. लाल वायर निळ्या भोकात घालायची! तू दोन्ही तोंडं एकमेकांना लावून बसलीस, ऐकणार कोण?"

झालं! ऑफिसात आम्ही सगळ्यांना हेच शिकवतो, हिरवी वायर हिरव्या भोकात, गुलाबी गुलाबीत. रंगाला रंग लावायची सवय इतकी हाडात मुरलेली, की खालची अक्षरं टेपने झाकलीत हेही माझ्या लक्षात आलं नाही. चार रविवार फुकट. मला हसू पण येईना.

वायर बदलली. डबा चालू केला. पडद्यावर की-शिफ्ट शून्य, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मनात म्हटलं, आधी वाजतंय का बघू, मग +8 करू. कम्प्युटरपाशी जाऊन गेम सुरू केला.

आणि ती धून वाजली.

किती वर्षांनी... मी तशीच जमिनीवर बसले. भिंतींवर फोटो काढल्याच्या चौकोनी खुणा होत्या, आणि त्या रिकाम्या खोलीत तो सूर भरला. आणि मागून आई गायला लागली. पहिल्याच आवर्तनात, आकारात, बरोब्बर सुरात. आवाज जाड झालेला, थोडा घोगरा, पण कुठे ताणणं नाही, अडखळणं नाही. अकरा वर्षं गप्प बसलेली बाई! मी मागे वळून पाहिलंच नाही. मी रडत होते, आणि मी बघितलं तर ती थांबेल अशी भीती वाटत होती.

धून तीनदा फिरली. मग मी डोळे पुसले आणि सवयीने डब्याकडे पाहिलं.

की-शिफ्ट +5.

शून्य नाही. दादाचं +8 पण नाही. पाच.

मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप टाकलं, आईला 'सा' लावायला सांगितला. पांढरी चार. म्हणजे तिची पट्टी तीन घरं उतरली आहे, वयाने उतरतेच. आणि +5 म्हणजे नेमकी पांढरी चार.

वाजायला का लागला, ते मला माहीत आहे. वायर उलटी होती. त्यात काही अमानवीय नाही. पण पट्टी कोणी उतरवली? आई गातच नव्हती, त्यामुळे तिची आताची पट्टी मला माहीत नव्हती, मामांना नव्हती, खुद्द आईलाही नव्हती. की-शिफ्ट बदलायला दोन बटणं धरून तिसरं पाच वेळा दाबावं लागतं. आई पलंगावरून उठलेली नव्हती, आणि तिला टीव्हीचा रिमोटसुद्धा मी लावून देते. गेमच तसा आदेश पाठवत असेल, ही शंका मलाही आली. त्याच दुपारी पाच वेळा सगळं बंद-चालू केलं. पाचही वेळा गेम वाजला आणि की-शिफ्ट शून्यच राहिली. त्या +5 चा मी फोटो काढला होता. पण फोटोत काय, +5 दिसतं. ते मीही दाबलं असेल असं तुम्ही म्हणाल, आणि तुमच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

आईला सांगितलं तर तिला काहीच विशेष वाटलं नाही. "पट्टी तोच बघायचा ना," म्हणाली, आणि तेलाची बाटली पिशवीत ठेवून उठली. सोमवारी टेम्पोत पुढे बसून आली.

आता डबा मुलुंडला आहे. आई दर रविवारी गाते. गेल्या महिन्यात तिला खोकला झाला होता, तेव्हा तिची पट्टी अजून खाली गेली. मला उत्तर सापडलेलं नाही. सापडेल असंही वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर शोधायला आता अंगात ताकदही नाही. नवा सेल आणून ठेवलाय. तो बसवला तर डबा सगळं लक्षात ठेवेल, रोजची कटकट जाईल. अजून बसवलेला नाही.

दर रविवारी डबा चालू करते, पडद्यावर शून्य येतं. आई वाट बघत असते. मीही थोडा वेळ थांबते, बटणाला हात न लावता. मग मीच दाबते.