दुर्गापुऱ्याची कॉपी आणि बस्सीची कॉपी

हिरोने तलवार खाली टाकली, बापाच्या मारेकऱ्याला वाकून नमस्कार केला आणि पिक्चर संपला. ज्याचा जीव घ्यायला हा माणूस एवढा वेळ भिंतींवरून उड्या मारत होता, त्यालाच नमस्कार! मी चिडून व्हीसीआर बंद केला. शुक्रवारचा कॉलम द्यायचा होता आणि पहिलं वाक्य डोक्यात तयारही होतं: शेवट सपशेल फसला आहे.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नवऱ्याची बँकेतली बदली साताऱ्याहून जयपूरला झाली, दुर्गापुऱ्यात घर मिळालं आणि मला तिथल्या एका हिंदी दैनिकात व्हिडिओ कॅसेटींवर लिहायचं काम मिळालं. हिंदी पिक्चरवर लिहायला ऑफिसात रांग लागलेली. कराटे-कुंगफूचे पिक्चर आणि जपानी कार्टून सिरियल मात्र कुणालाच नको होत्या, म्हणून त्या माझ्या वाट्याला आल्या. त्या कार्टूनना ॲनिमे म्हणतात हे आमच्याकडे कुणाच्या गावीही नव्हतं. घरात 'हाणामारी बघायचा पगार' अशी माझी थट्टा चाले. चालेना का! मला ते काम मनापासून आवडायचं.

माझी एक पद्धत होती. मारामारी एकदा आवाज बंद करून बघायची. ढिशुम ढिशुम ऐकू येईनासं झालं की कोण खरंच शिकलेला आहे आणि कोण नुसते हात फिरवतोय ते लगेच कळतं.

त्या दुपारीही शेवटची मारामारी तशी परत लावली, तेव्हा हिरोच्या उजव्या हातावरचं बँडेज दिसलं. हे कधी लागलं याला? कॅसेट मागे नेली. आधीच्या मारामारीत हात धडधाकट. दोन्हींच्या मध्ये चित्रात खालून वर एक थरथरती रेघ सरकून गेली, बाकी काही नाही.

ही रेघ माझ्या ओळखीची होती. तेव्हा कॅसेटची कॉपी काढायला दोन व्हीसीआर जोडत. एक दाखवणार, दुसरा रेकॉर्ड करणार. रेकॉर्ड करणारा मध्येच थांबवून पुन्हा सुरू केला की जोडाच्या जागी चित्र असं थरथरतं. मी पिक्चर पहिल्यापासून लावला. माणसं लढायची थांबून बोलायला बसली रे बसली की रेघ. मग परीक्षणासाठी आणलेली जपानी सिरियल लावली. एका भागात चार मित्र, पुढच्यात तीन, आणि चौथ्याचं कुणी नावही काढत नाही. तिथेही रेघ होतीच.

दोन्ही कॅसेटी दुर्गापुरा स्टेशनजवळच्या सैनीजींच्या व्हिडिओ लायब्ररीतल्या. मी तडक दुकानात गेले.

"सैनीजी, इसमें से कुछ काटा है क्या?"

"कुछ नहीं, बहनजी. सिर्फ़ बातचीत निकाली है." आवाजात चक्क अभिमान. "एक कैसेट में दो पिक्चर बिठानी पड़ती हैं. और कुंगफू में बातें सुनता कौन है? सब भगाते हैं. मैंने पहले से भगा दीं."

गिऱ्हाइकाचे कॅसेट पुढे पळवायचे कष्ट वाचवल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर ओसंडून वाहत होतं. यावर रागवावं की हसावं मला कळेना.

"पूरी वाली कहाँ है?"

"बस्सी में. साले साहब की दुकान पर. पर आप क्यों तकलीफ़ करती हैं?"

ऑफिसात आमचे संपादक माथुर साहेबही तेच म्हणाले. "सुनंदाजी, चार लाइन लिख दीजिए. कुंगफू है, कोई क्लासिक थोड़े ही है." सैनीजींची जाहिरात माझ्या कॉलमच्या खालीच छापून येई आणि तिच्याच जोरावर कॉलमला जागा मिळत होती. सैनीजींना दुखवलं तर कॉलम जाणार, हे माथुर साहेबांनी सांगायची गरज नव्हती. तरी त्यांनी सांगितलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आग्रा रोडची बस पकडली. कानोता गेलं, बस्सी आलं. सालेसाहेब भला माणूस. त्याने दुकानातल्या टीव्हीवर पिक्चर लावून दिला आणि समोर चहा ठेवला. मी बाकावर बसून सगळा बघितला. गाळलेल्या भागात काय नव्हतं? हिरोच्या हरवलेल्या बहिणीला त्याच मारेकऱ्याने पोटच्या पोरीसारखं वाढवलेलं असतं. हिरोला ते कळतं तेव्हा तो रागाने दगडी भिंतीवर मूठ आपटतो. बँडेज त्याचंच. मग तो नमस्कार आला, आणि आता तो पटला. मी सपशेल फसलेला म्हणणार होते तो हाच शेवट होता.

माथुर साहेबांना सगळं सांगितलं. ते खूश झाले. "बढ़िया! तो पूरी फिल्म की तारीफ़ लिखिए. काटने वाली बात रहने दीजिए."

"आणि वाचक दुर्गापुऱ्यातून कापलेली कॅसेट नेईल त्याचं काय?" तावातावाने मी मराठीच बोलत होते. मग हिंदीत म्हटलं, "सर, वो मुझे गाली देगा. और सही देगा."

"विज्ञापन गया तो कॉलम गया."

"जाने दीजिए."

म्हटलं खरं, पण ते सोपं नव्हतं. त्या परक्या शहरात माझी म्हणून तेवढी एकच जागा होती.

मी दोन्ही कॉप्यांबद्दल लिहिलं. दुकानाचं नाव घातलं नाही. रेघ कशी ओळखायची ते मात्र नीट समजावून सांगितलं. माथुर साहेबांनी कपाळाला आठ्या घालत का होईना, एक शब्द न बदलता छापलं. आठवड्याच्या आत जाहिरात गेली आणि पाठोपाठ कॉलमही. मी बरेच दिवस त्या पानाकडे बघितलं नाही.

मग एक दिवस सैनीजी घरी आले. चेहरा त्रासलेला.

"बहनजी, क्या लिख दिया आपने! जो आता है, पहले पूछता है पूरी है क्या. पिक्चर का नाम बाद में पूछता है." त्यांनी पिशवीतून कॅसेटी काढल्या. "अब सब पूरी हैं. आप लिख दो."

"पहले देखूँगी."

"सब?"

"सब."

सगळ्या बघितल्या. रेघ कुठेच नव्हती. जपानी सिरियलमधला चौथा मित्र बाकीच्यांना वाचवताना बर्फात राहून गेलेला असतो, आणि मी भर दुपारी कार्टून बघून ढसाढसा रडले.

जाहिरात परत आली, कॉलमही आला. प्रत्येक परीक्षणावर एक ओळ छापायची ठरली: पूरी कॉपी देखकर. ही कल्पना आपलीच होती असं माथुर साहेब पुढे सगळ्यांना सांगायचे. मी कधी आडवी आले नाही, कारण ओळ छापून येत होती.

शेवटपर्यंत बघून मगच लिहावं, हे आमच्या धंद्यात पहिल्याच दिवशी सांगतात. समोर आलेली वस्तू मुळात पूर्ण आहे का, हे मात्र आपल्यालाच उठून विचारावं लागतं, आणि कधी त्यासाठी बस पकडावी लागते.