वैद्य होण्याच्या तीन दुपारी

गोव्यातल्या डिचोलीत दुपारी एक ते चार दुकानं बंद असतात. मी लातूरकडून इथं आलो तेव्हा या तीन तासांचं करायचं काय, हेच कळेना. आमचं टायरचं दुकान. मालक अर्धं शटर ओढून घरी जेवायला जायचे आणि रबराच्या वासात मी एकटा. घरी फोन लावायचो. आई म्हणायची, "अरे, सकाळीच बोललो की. काय झालं का?" काही झालेलं नसायचं.

खाण बंद पडल्यापासून टिप्पर उभा करून बसलेले एक ड्रायव्हरकाका गप्पा मारायला दुकानात येत. त्यांनीच मला मोबाइलवरच्या ऑनलाइन खेळात ओढलं. मोपाला विमानतळाजवळ राहणारी त्यांची थोरली वहिनीही खेळायची. खरं तर म्होरकी तीच. काका म्हणत म्हणून मीही तिला वहिनीच म्हणू लागलो. तिघांची टोळी आमची: वहिनीकडे तलवार, काकांकडे धनुष्य, माझ्याकडे ढाल. ढालवाल्यानं पुढं उभं राहून मार खायचा, बस. आठवीत शाळा सोडलेल्याला याहून जास्त काय जमणार, हे माझं मीच ठरवून टाकलेलं.

वर्षभरानं मला खेळात एक दगड मिळाला. तो वापरला की आपल्या माणसाचे सगळे गुण मोकळे होतात, नव्यानं वाटता येतात. पण एकदाच. मला वैद्य व्हायचं होतं. पुढं उभं राहिलं की मागच्यांचं काय चाललंय ते दिसत नाही, आणि ते न दिसणं मला खायचं.

"ढाल टाकून वैद्य होतलंस?" काका कानातल्या फोनमधून ओरडले. "आणि मार कोणी खावचो?"

"तुम्ही खावा, भावजी," वहिनी म्हणाली. "करूक दी त्येका."

"शनिवारपर्यंत बघूया. नाय जमला तर स्टँडवरचो रिक्षावालो आसा, तो वैद्यच खेळता."

दगड परत मिळणार नव्हता. ही दोघं गेली तर तीन तास पुन्हा रबराचा वास. तरी मी बोट दाबलं.

मंत्रांची माहिती इंग्रजीत. चित्रं बघून गुण वाटू लागलो, तर वहिनीनं थांबवलं. मला इंग्रजी वाचता येत नाही हे तिनं कसं ओळखलं कोण जाणे. विचारलं मात्र नाही. एकेक मंत्र स्वतः वाचून सांगत गेली. "ह्यो हळूहळू रक्त भरता. ह्यो एकदम भरता, पण तुझी शक्ती खाता." तिचा भात चुलीवर होता, तरी पाऊण तास सांगत बसली. असं मला शाळेत कुणी सांगितलं असतं तर, असं मनात येऊन गेलं.

काकांनी ढाल घेतली आणि चक्क गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान आज नवीन वाट धरल्यान हा. काय चुकला-माकला तर सांभाळून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वहिनी म्हणाली. आमच्याकडे असलं काही नसतं. थट्टा की खरं, ते न कळून मी उशिरानं "व्हय" म्हणालो.

पहिल्या दुपारी खेळातल्या राक्षसापुढं आम्ही पाच वेळा मेलो, दुसऱ्या दुपारी सहा. कुणाला साधं खरचटलं तरी मी मंत्र टाकायचो. सगळ्यांचं रक्त सतत काठोकाठ हवं. मग राक्षसाचा मोठा घाव पडायचा तेव्हा माझ्याकडे शक्तीच नसायची.

"वायच कळ काढ रे," वहिनी म्हणाली. "अर्धा रक्त गेला म्हणून मी मरणंय नाय."

सांगायला सोपं. समोर कुणाचं रक्त कमी होताना दिसतंय, आपल्या हातात औषध आहे, आणि गप्प बसायचं. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी टायर उतरवताना हे डोक्यात घोळत होतं. आईला मी दिवसातून चारदा का फोन करतो, तेही.

शनिवारी राक्षस मरायला टेकला, वहिनीही पाव रक्तावर. तेवढ्यात तिच्या घरावरून विमान गेलं आणि तिचा आवाज त्यात बुडाला. काका बोंबलत होते, "दी रे, तिका दी!" मी दिलं नाही. राक्षसानं हात उगारला, घाव दोघांवर पडला, वहिनीचं रक्त केसाएवढं उरलं, आणि तेव्हा मी राखून ठेवलेलं सगळं तिला दिलं. काकांना पुरलं नाही. काका मेले. शेवटचे घाव वहिनीनं एकटीनं घातले आणि राक्षस कोसळला.

"माका मारलंस मेल्या!" काका म्हणाले.

मी घाबरत विचारलं, "मग रिक्षावाल्याला सांगायचं का?"

"खयचो रिक्षावालो?" वहिनी म्हणाली. "उद्या दीड वाजता ये. आणि जेवून ये, उपाशी खेळतंस तू, माका कळता."

"म्हणजे मी ढालच धरून रवू?" काकांनी विचारलं.

"धरा," वहिनी म्हणाली.