आत्याने मला न दिलेलं गाणं

हळदीच्या मांडवात आली की बायजाआत्या आधी डीजेची वायर काढायची. कुणाला विचारणं वगैरे नाही. "माजा होवदे, मंग घाला तुमचा धिंगाना," म्हणायची आणि पाटावर ऐसपैस बसायची. आमच्या नावड्याच्या आगरी लग्नांतली ती धवलारीण, म्हणजे लग्नविधींची गाणी म्हणणारी. तिच्यापुढे भटजीसुद्धा दबून असायचे.

पण बायका थांबायच्या त्या विधी उरकल्यावरच्या एका गाण्यासाठी. मिठागरावरची पोर आणि खाडीपल्याडचा नाववाला. बाप नको म्हणतो, पोर रोज बांधावर उभी राहते, आणि तो यायला निघतो त्या दिवशी 'भरती आली, नाव बुडाली'. बस, एवढंच. शंभरदा ऐकलेलं! तरी तीन-तीन इमारतींच्या मालकिणी पदराने डोळे पुसायच्या. मी एकदा विचारलं, "आत्या, शेवट माहीत असून रडतात कशाला गं?" ती म्हणाली, "दरवेली वाटतं, आज तरी त्यो पोचंल."

अकरा वर्षं मी तिच्या मागे बसून ओळ उचलली. बँकेतल्या रजा त्यातच गेल्या. वही काढली की हातावर फटका. "लिवू नको. कागदावर गेला का गाना मेला. माज्या मागं तुजाच हाय." मोबाईलवर टेप करणं तर लांबच. आणि मी मूर्ख, सगळं पाळलं.

मग एका दुपारी करंजाड्याच्या हळदीत स्पीकरवर तेच गाणं आलं. धाडधाड ठेका आणि वर आत्याचाच आवाज. डीजेवाल्याने तिच्या घरी जाऊन रेकॉर्ड केलं होतं. शेवटी म्हणे 'भरती आली, वरात आली'. लग्नच लावून टाकलं होतं बयेने! माझ्या अंगाची लाही झाली. तशीच तिच्या दारात गेले.

"मला वही काढू दिली नाहीस आणि त्याला अख्खं गाणं?"

ती तांदूळ निवडत होती. मानही वर केली नाही. "त्यानं मागितला. तू नुसती मागं बसलीस."

"आणि शेवट का बदललास?"

"नाचाला बुडून कसा चालंल?" असं म्हणून ती चक्क हसली. ते हसणं मला आजही सहन होत नाही. पुन्हा मी तिच्या मागे बसले नाही, तिनेही बोलावलं नाही. दोन वर्षांनी ती गेली.

यंदा तिच्या नातीच्या हळदीत बायकांनी मला ओढून पुढे बसवलं. "बायजाचा गाना तुलाच येतो." राग होता, पण ऊर भरून आला. जीव ओतून गायले. 'नाव बुडाली' म्हटलं आणि पदर डोळ्यांना लागायची वाट पाहू लागले.

नात वाकून हळूच म्हणाली, "मावशी, चुकलं तुमचं. आजीचं गाणं असं नाहीय."

मागच्या पोरींनी टाळ्यांवर वरात आणली. मी म्हाताऱ्या बायकांकडे पाहिलं. एकीने तरी सांगावं ना, की हीच खरं गातेय म्हणून! इतकी वर्षं रडलेल्या त्या सगळ्या टाळ्या वाजवत होत्या.