चूक अंगावर घेणारा साहेब

इंजिनाच्या गरम पत्र्यावर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचे आणि हातानेच सगळ्यांना गप्प करायचं, ही साहेबाची सवय. मग म्हणायचा, "इंजिन खोटं बोलत नाही. माल पुरवणारा बोलतो."

माल पुरवणारा म्हणजे मी. रत्नागिरीहून रिकाम्या हातांनी आलो आणि रियाधमध्ये सुट्या भागांचा धंदा उभा केला. माझे फिल्टर साहेबाने अख्ख्या वर्कशॉपसमोर परत पाठवले. वाळू अडवत नाहीत म्हणे! माल चांगला होता. तो राग अजून पोटात आहे.

साहेब इंग्लंडचा. पोरवयात तिथल्या इंजिन-शेडमध्ये तेल पुसायला लागला आणि चढत चढत रेल्वे इंजिनांचा मोठा इंजिनियर झाला. उतारवयात इथल्या एका ठेकेदार कंपनीत आला. सगळे मला भाई म्हणतात, म्हणून तो 'मिस्टर भाई' म्हणायचा. अशा माणसावर धड चिडायचं तरी कसं, तुम्हीच सांगा.

एकदा दुरुस्त करून पाठवलेलं इंजिन वाळवंटात बंद पडलं. फिटरने बोल्ट नीट आवळला नव्हता. साहेबाने कंपनीला लिहून दिलं, "चूक माझी."

"असं इथे कोण लिहून देतं, साहेब?" मी ओरडलोच.

"आमच्या शेडमध्ये सही करणारा चूक घेतो, मिस्टर भाई. मग फिटरला कोणी बोलत नाही आणि काम पुढे चालतं."

इथे चौकशी चालू झाली. ती संपेपर्यंत त्याला देश सोडता येईना. आणि तिकडे त्याची बायको हॉस्पिटलात, शेवटच्या दुखण्यात.

तो माझ्या दुकानात आला. "तू कोणाशीही सौदा करतोस. माझ्यासाठी कर."

मी त्याच्या कफीलच्या, म्हणजे ज्याच्या नावावर त्याचा व्हिसा होता त्या मालकाच्या, ऑफिसात जाऊन बसलो. ओरडलो, विनवण्या केल्या, त्यांचा कहवा प्यालो. "बुकरा, भाई, बुकरा." उद्या. रोज उद्या. ज्याच्याशी घासाघीस करायची तो माणूस कधी समोर आलाच नाही.

बायको गेली.

अंत्यविधी त्याने आपल्या खोलीत फोनवर पाहिला, काळा टाय बांधून. मी शेजारी बसलो होतो. तिकडे चर्चमध्ये लोक उभे राहिले, तसा तोही उठला. तेवढ्यात चित्र थिजलं.

"मिस्टर भाई, तुझ्या फोनला नेट आहे?"

मी फोन काढला, खिडकीपाशी नेला, उंच धरला. काही येईना. भांडायचं तरी कोणाशी?

साहेब तसाच उभा होता. मी त्याच्याजवळ जाऊन उभा राहिलो.